गोष्ट पोथीतून, गाणं रुळावरून

सुभद्राहरणाच्या मुळाशी चोरीला गेलेल्या गाई आहेत. काष्टीच्या माणसाला एवढं सांगितलं की तो सावरून बसतो. दर शनिवारी गावात जनावरांचा बाजार भरतो, त्यामुळे गाय-बैलाचा विषय निघाला की आमच्याकडे पुराणसुद्धा लक्ष देऊन ऐकलं जातं. महाभारतातून पोथ्यांत आलेली हकिकत अशी: एका ब्राह्मणाच्या गाई चोरांनी पळवल्या आणि तो इंद्रप्रस्थाच्या दारात येऊन आक्रोश करू लागला. अर्जुनाने मदतीचा शब्द दिला खरा, पण शस्त्रं ठेवलेली त्या दालनात, जिथे युधिष्ठिर आणि द्रौपदी एकांतात बसलेले. अशा वेळी आत जायचं नाही, गेलं तर वनवास, हे पाच भावांत आधीच ठरलेलं. अर्जुन आत गेला, धनुष्य उचललं, गाई सोडवून आणल्या आणि ठरल्याप्रमाणे तीर्थयात्रेला चालता झाला. फिरत फिरत तो द्वारकेकडे पोहोचला, आणि मग सुभद्रा, बलरामाने दुर्योधनाशी ठरवलेलं तिचं लग्न, कृष्णाची कारस्थानं असं सगळं सुरू झालं.

माझे चुलते, तात्या, हे ऐकून म्हणाले होते, "म्हंजी त्या बाबानं दावणीला राखण ठेवली असती तर एवढं रामायण झालंच नसतं."

"महाभारत, तात्या."

"तेच ते."

बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्करांनी याच कथेवर 'संगीत सौभद्र' लिहिलं. १८ नोव्हेंबर १८८२ रोजी पुण्यात त्याचे पहिले तीन अंक झाले, उरलेले दोन पुढच्या वर्षी आले. तेव्हापासून आजतागायत हे नाटक कुठे ना कुठे उभं राहतंच. मराठीत एवढं दीर्घायुषी नाटक दुसरं शोधायचं तर बराच वेळ डोकं खाजवावं लागेल.

आमच्या घरात मात्र सौभद्र दोन तुकड्यांत होतं, आणि ते दोन तुकडे एकमेकांचे आहेत याचा कुणालाच पत्ता नव्हता.

गोष्ट आजीकडे होती. चातुर्मासात श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप लागायचा. आजीला अक्षरओळख नव्हती. शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी वाचायचे आणि आजी समोर सूप घेऊन शेंगा फोडत ऐकायची. टरफलांचा आवाज मोठा झाला की गुरुजी थांबायचे, आजी हात आवरायची, ओवी पुढे सरकायची. सुभद्रेचं प्रकरण तिला इतकं पाठ होतं की गुरुजींची एखादी ओवी गळाली तर ती सुपावरून मान वर न करता "मागं राहिलं बघा" म्हणायची. अर्जुन संन्यासी होऊन बसतो हा भाग आला की तिला हसू आवरायचं नाही. "मेल्यानं भगवी घातली ती बायकोपायी," एवढं एकच भाष्य दरवर्षी व्हायचं.

गाणं तात्यांकडे होतं. तात्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं आणि आमच्या पट्ट्यात ते स्वच्छ लागायचं. नाट्यसंगीत सुरू झालं की तात्या रेडिओ खिडकीत ठेवून पेटी मांडीशी ओढायचे. पदाचे शब्द त्यांच्या कानी पुरते पडत नसत, आणि पडले तरी त्यांचं शब्दांशी काम नव्हतं. चाल उचलायची, दोन-चार दिवस घोळवायची आणि एकादशीला तुकोबांचा अभंग तिच्यावर बसवायचा, हा त्यांचा शिरस्ता. अख्ख्या महाराष्ट्रातल्या भजनी मंडळांनी हेच केलेलं आहे. त्यामुळे द्वारकेतल्या राजवाड्यात कृष्ण रुक्मिणीची समजूत काढतो ते सूर मी लहानपणी ऐकले ते विठ्ठलाशी भांडणाऱ्या तुकोबांच्या तोंडून. आजी त्या भजनाला टाळ घेऊन बसायची. तिच्या पाठ असलेल्या गोष्टीचंच गाणं तिच्या समोर चाललेलं असायचं, आणि तिला ते कळायला काही मार्ग नव्हता.

आमच्या गावात सौभद्राचा खेळ झाल्याचं मी कुणाकडून ऐकलेलं नाही. तो गावाच्या कडेने गेला असणार. दौंड सोडलं, भीमेचा पूल ओलांडला की काष्टीचं स्टेशन. ही दौंड-मनमाड लाइन १८७८ साली सुरू झाली. १८७६ ते ७८ हा दुष्काळाचा काळ. नगर जिल्हा होरपळून निघाला होता, आणि या लाइनीच्या भरावाची माती दुष्काळी कामावरच्या माणसांनी टाकलेली आहे. पोटाला मूठभर धान्य मिळेल एवढ्या मजुरीवर बायका-माणसं पाट्या वाहत होती. ते रूळ पडले आणि दोनच वर्षांनी पुण्यात किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं. या दोन घटनांचा एकमेकींशी तसा संबंध नाही, पण मला त्या वेगळ्या काढता येत नाहीत. पुण्याची नाटक मंडळी नगरला, पुढे खानदेशात किंवा माळव्याकडे निघाली तर त्यांची सोयीची वाट हीच. शालू नेसणारी सुभद्रा, तिचा दागिन्यांचा डबा, गुंडाळलेले पडदे, अर्जुनाचं लाकडी धनुष्य, भीमपुत्राची गदा, तंबोरे, आचाऱ्याची पातेली, हे सगळं त्या मातीवरून गेलं.

नाटक कंपनी म्हणजे त्या काळी चालतं-बोलतं गाव. मालक, नट, साथीदार, पडदे ओढणारे, कपडेपटवाले, पाणक्या आणि शिकाऊ पोरं मिळून सगळ्यांची एकच पंगत. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, त्यानंतरच्या मंडळ्या बैलगाड्यांवर हिंडल्या. रेल्वे आली आणि मुक्कामांचा नकाशाच बदलला. ज्या गावाला मोठी पेठ, मोठी कचेरी आणि तिकीट काढणारा वर्ग, तिथे मुक्काम पडायचा. काष्टीसारख्या स्टेशनावर गाडी थांबली तरी पडद्यांची गुंडाळी खाली उतरायचं कारण नव्हतं. आमच्याकडे तमाशा यायचा आणि अजून येतो.

किर्लोस्करांनी काय नवीन केलं हे तमाशाच्या गावातल्या माणसाला पटकन कळतं. भाव्यांच्या नाटकात गाण्याचा सगळा बोजा सूत्रधारावर. तो आणि त्याचे साथीदार कथा गाऊन सांगायचे, पात्रं येऊन आपल्या मनचं बोलायची, राक्षस आरडाओरडा करायचे. पुण्यात पारशी कंपनीचा 'इंद्रसभे'चा खेळ किर्लोस्करांनी पाहिला आणि असलं काही मराठीत का होऊ नये, हे त्यांच्या मनाने घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी 'संगीत शाकुंतल'चा प्रयोग झाला. त्यात दुष्यंत स्वतः गातो, शकुंतला स्वतः गाते, कण्वही गातात. ज्याचं दुःख त्याच्याच गळ्यात. आज ही गोष्ट इतकी साधी वाटते की तिचा कुणी शोध लावला असेल हेच खरं वाटत नाही. पण तमाशाच्या फडात वगाला उभी राहणारी पात्रं आणि मागे झील धरणारे झीलकरी ज्यांनी पाहिलेत त्यांना, गाणं मागच्या रांगेतून पुढच्या माणसाच्या तोंडात येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडे हे घडत होतं तेव्हा युरोपातला ऑपेरा ऐन भरात होता. इजिप्तच्या खेदिवाने, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याने, इटालियन संगीतकार व्हेर्दीकडून 'आयदा' हा ऑपेरा लिहून घेतला. त्याचे पडदे, पोशाख पॅरिसमध्ये तयार झाले, आणि फ्रान्स-प्रशिया युद्धात पॅरिसला वेढा पडल्यामुळे ते तिथेच अडकून बसले. खेळ लांबला आणि शेवटी २४ डिसेंबर १८७१ ला कैरोत झाला. सरकारी तिजोरी, राजवाड्याची हौस, परदेशातून आलेलं सामान. पुढे १९१३ पासून इटलीत व्हेरोनाच्या प्राचीन रोमन रिंगणात, उघड्या आकाशाखाली हाच ऑपेरा हजारो लोकांपुढे होत आलेला आहे. विजययात्रेच्या प्रवेशात खरी जनावरं आणायची चालही तिथे पडली. (आमच्या बाजाराला हा प्रवेश कुणी दाखवला तर तो सोडून कुणी घरी जाणार नाही.) कैरोचं ते ऑपेरागृह १९७१ साली जळालं आणि आता तिथे बहुमजली वाहनतळ आहे. त्याच्याशी किर्लोस्करांची तुलना करायला गेलं तर हसू येईल. इकडे खेदिव नाही की तिजोरी नाही, सरकारी नोकरी करून नाटकाचा नाद पुरवणारा एक बेळगावकडचा माणूस आणि त्याचे चार गाणारे मित्र. मात्र सौभद्राला जळून जाईल असं घर नव्हतं, हाच त्याचा फायदा झाला असं मला वाटतं. ते ट्रंकेत मावत होतं.

आणि गळ्यात मावत होतं. सौभद्रातली पदं लहान आहेत. साकी, दिंडी, कामदा, ओवी, लावणीच्या चाली, कर्नाटकातून आलेल्या चाली, कीर्तनात कानावर पडणारी वळणं, असं घरोघरचं सामान किर्लोस्करांनी गोळा केलं. श्रोत्याला चाल आधीच माहीत, शब्द तेवढे नवे. पात्र बोलता बोलता गायला लागतं आणि गाता गाता पुन्हा बोलायला लागतं. रुसलेली रुक्मिणी, वैतागलेला अर्जुन, काड्या सारून मजा बघणारा नारद, यांना लांबलचक आलापाची गरजच नाही. त्यांचं भांडण चाललेलं आहे, वेळ कुणाला आहे? मला किर्लोस्करांचं हे चटपटीत गाणं पुढच्या काळातल्या विस्तीर्ण गाण्यापेक्षा जास्त आवडतं. हे मत पुण्यात मांडलं तर माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात, आणि ते मला मान्य आहे.

पुढे काय झालं ते गळ्यांमुळे झालं. पहिली सुभद्रा भाऊराव कोल्हटकरांनी केली. बडोद्याहून आलेला, विशीही न ओलांडलेला हा मुलगा, आणि समोर अर्जुन मोरोबा वाघोलीकर. भाऊरावांचा आवाज उंच, तेजस्वी होता असं त्या काळच्या लोकांनी लिहून ठेवलंय. लिहून ठेवलंय एवढंच. भाऊराव १९०१ साली गेले आणि आपल्या देशात तबकड्यांसाठी गाणी भरून घ्यायला सुरुवात झाली १९०२ मध्ये. एका वर्षाने चुकामूक झाली. ज्या आवाजासाठी ती पदं बेतली गेली तो आवाज आज कुणीही ऐकू शकत नाही. नंतरच्या प्रत्येक सुभद्रेने त्या न ऐकलेल्या सुभद्रेशी बरोबरी केली आहे.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले. १९१३ मध्ये त्यांची गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि मराठी संगीत नाटक श्रीमंत झालं. उंची वस्त्रं आणि अत्तरांचा घमघमाट. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. 'द्रौपदी'तल्या मयसभेच्या देखाव्यावर केलेला खर्च मंडळीला पेलवला नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले 'मानापमाना'त समोरासमोर उभे राहिले, तो संयुक्त प्रयोग म्हणजे त्या वैभवाचा कळस. त्याच वर्षी केशवराव गेले. पुढच्या दहा वर्षांत बोलपट आला आणि कंपन्यांची गाडी घसरणीला लागली.

या वैभवाच्या काळात पद मोठं झालं. प्रेक्षक 'वन्स मोअर'चा पुकारा करत, नट तेच पद नव्या अंगाने गात, पुन्हा पुकारा होई. नाटक तिथेच थांबलेलं, सुभद्रा दुर्योधनाच्या गळ्यात पडायच्या बेतात आहे आणि सभागृहाला घाई नाही. रात्री सुरू झालेला खेळ पहाटेला टेकायचा. सौभद्रात उषःकाल झाल्याचं रुक्मिणीला सांगणारं कृष्णाचं पद आहे. छोटा गंधर्वांच्या कृष्णामुळे ते घरोघरी गेलं. रात्रभर खेळ चालायचा तेव्हा ते पद ऐकून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला खरंच उजाडायला आलेलं दिसत असेल. आता खेळ तीन तासांत आटोपतो आणि कृष्ण पहाट झाली म्हणून सांगतो तेव्हा बाहेर वडापावची गाडी पेटत असते.

सुभद्रा पुरुषाने करायची हे तेव्हा कुणाला खटकत नव्हतं. आम्हाला आजही त्याचं नवल वाटत नाही, कारण फडात याच्या उलट पाहिलेलं आहे. संगमनेरच्या कांताबाई सातारकर वगात पुरुषभूमिका करायच्या आणि आमच्या बाजूची जाणती माणसं त्यांचं नाव निघालं की खुर्चीतल्या खुर्चीत ताठ होतात. तिकडे पुरुषाच्या पदराला लोक भुलले आणि इकडे बाईच्या तलवारीला. फरक हा, की पदराची कौतुकं पुस्तकांत छापून आली आणि तलवारीची पारावरच राहिली. संगीत नाटकात बायका हिराबाई बडोदेकरांसारख्यांच्या हिमतीने १९३० च्या आसपास मानाने उभ्या राहिल्या. पुढे कंपन्या मोडल्यावर जयराम आणि जयमाला शिलेदारांनी १९४९ मध्ये पुण्यात 'मराठी रंगभूमी' काढली आणि त्यांच्या कन्या कीर्ती शिलेदारांनी ती अगदी परवापरवापर्यंत, २०२२ मध्ये त्या गेल्या तोवर, चालवली. सौभद्र आज माझ्यापर्यंत पोहोचलं ते अशा हट्टी घराण्यांमुळे आणि गोव्याच्या गावागावांतल्या हौशी नटांमुळे.

मी ते पाहिलं पुण्यात, हौशी मंडळींच्या प्रयोगाला, आणि तात्यांना सोबत नेलं. त्यांनी आयुष्यात नाटक पाहिलेलं नव्हतं. बाजारच्या दिवशी घालायचा स्वच्छ सदरा, टोपी आणि खिशात तपकिरीची डबी. पडदा जड मखमलीचा होता. तो वर जाण्याआधी ऑर्गनचा पहिला सूर लागला आणि तात्यांनी माझा गुडघा दाबला. "काळी दोन," ते म्हणाले. पट्टी ओळखल्यावर त्यांचं निम्मं अवघडलेपण गेलं.

नांदी झाली, सूत्रधार-नटी बोलून गेले, नारद आला. पहिल्या अंकभर तात्या परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखे बसले होते. मग एक पद सुरू झालं आणि ते सरळ झाले. दुसऱ्या ओळीला त्यांचा हात मांडीवर धुमाळी धरू लागला. तिसऱ्या ओळीला ते बारीक आवाजात गाऊ लागले, अर्थात अभंगाचे शब्द. रंगमंचावर प्रेमाने व्याकूळ झालेला अर्जुन आणि माझ्या शेजारी पंढरीचा विठोबा, एकाच चालीत. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून पाहिलं. तात्या माझ्या कानाशी आले आणि खरोखरच चिडून म्हणाले, "ह्यो आपलं भजन का म्हणतोय?"

मी काय सांगणार? मला त्या क्षणी आजी आठवली, तिचं सूप आणि "मागं राहिलं बघा". घरात तीस-चाळीस वर्षं वेगवेगळ्या खोल्यांत राहिलेली गोष्ट आणि गाणं पहिल्यांदा एका माणसात आलेली होती, आणि तो माणूस गुलाबी रेशमी उपरणं सावरत, घामाने ओघळलेल्या रंगात उभा होता. भजनात त्या चालीला एक शेवट असतो, टाळांचा गजर होतो, मग पुढचा अभंग. इथे ती चाल मध्येच मोडली, कारण कुणीतरी यायची चाहूल लागली होती आणि अर्जुनाला गप्प बसणं भाग होतं. गाणं तोडायला गोष्ट लागते हे मला तिथे कळलं. रेडिओवर कधी कळलं नसतं. तबकडीवर तर नाहीच, तिथे साडेतीन मिनिटं संपली की पद संपतं, अर्जुनावर कसलं संकट आलंय याच्याशी सुईला देणंघेणं नसतं.

मध्यंतरानंतर तात्यांना नाटक लागलं ते गाण्याने नव्हे, कृष्णाने. आमच्याकडचा कृष्ण गवळणीतला. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींना आडवा येणारा, मावशीच्या तोंडी लागणारा, दही-दुधाचा जकातदार. सौभद्रातला कृष्ण संसारी आहे. बायकोची मनधरणी करतो, थोरल्या भावाला उलट बोलत नाही, आणि सगळा डाव मात्र स्वतःच्या मनासारखा पाडतो. बलराम ज्या संन्याशाला मोठ्या भक्तिभावाने घरात आणतो आणि बहिणीला त्याच्या सेवेला लावतो तोच अर्जुन, हे कृष्णाला ठाऊक आहे, आपल्याला ठाऊक आहे आणि बलरामाला नाही. तात्यांनी हे फार लवकर पकडलं. बाजारात बैलाचा सौदा रुमालाखाली होतो. दलाल आणि गिऱ्हाईक हातात हात घालतात, वर उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा ठरतो. भोवती वीस माणसं उभी असतात, हात सगळ्यांना दिसतात, बोटं कुणाला दिसत नाहीत. "ह्याचा सौदा रुमालाखालचा हाय," तात्या म्हणाले, आणि नंतर बलराम रंगमंचावर आला की ते आधीच हसू लागायचे.

घटोत्कच आला तेव्हा ते पुढे सरकून बसले. झोपलेल्या सुभद्रेला उचलून रानात नेणारा भीमाचा हा मुलगा त्या प्रयोगात अंगाने अगदीच बेताचा होता. सुभद्रा त्याच्यापेक्षा वजनदार. दोघांनी मिळून ते कसंबसं निभावलं, म्हणजे ती थोडी स्वतःच चालली. प्रेक्षकांत हशा पिकला. तात्या हसले नाहीत. त्यांनी याचा राग धरला.

परतताना दौंडपर्यंत तो राग टिकला. अर्जुनाच्या तानांबद्दलही त्यांची तक्रार होती. यती झालेल्या माणसाने एवढ्या ताना घ्याव्यात का, संन्यासात काही तरी सोडायला नको का, असा त्यांचा सवाल. किर्लोस्करांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला असता. मग म्हणाले, पदं फार आहेत, कापायला पाहिजेत. मी सांगितलं की दीडशे वर्षांच्या आसपास सगळे तेच करत आलेत. प्रत्येक मंडळीने आपल्या गळ्याप्रमाणे आणि आपल्या रात्रीप्रमाणे सौभद्र कापलं, कुणी नारद छाटला, कुणी एखाददुसरं पात्र पार काढून टाकलं, आणि एक जण जे कापतो ते दुसरा परत शिवून घेतो. मुळात पहिला प्रयोगच तीन अंकांचा झाला होता. हे ऐकल्यावर त्यांना एकदम हुरूप आला. जे नाटक लिहिणाऱ्याने स्वतः अर्धवट असताना लोकांपुढे मांडलं, त्याला हात लावायला आपण भ्यायचं कशाला?

यात्रेच्या बैठकीत तात्यांनी विषय काढला तेव्हा मी तिथे होतो. बैठकीत दरवर्षीचा वाद चालू होता, तमाशा आणायचा की ऑर्केस्ट्रा. पोरांचा जोर ऑर्केस्ट्रावर, जुन्यांचा फडावर, आणि वर्गणीचा हिशेब दोघांनाही परवडेनासा. तात्या मध्येच म्हणाले, "गावातल्या गावात सौभद्र बसवू." क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग प्रश्न सुरू झाले, आणि एकही प्रश्न सोपा नव्हता. ऑर्गन कुठून आणायचा? पेटीवर भागेल, तात्या म्हणाले. पडदे? मंडपवाला देईल तो. सुभद्रा कोण? यावर बरीच कुजबुज झाली. दहावीतल्या एका मुलीचं नाव निघालं, तिची आई नको म्हणेल असं दुसऱ्याने सांगितलं, मग भजनातल्या एका मिसरूड फुटलेल्या पोराकडे सगळ्यांनी पाहिलं आणि तो उठून बाहेर गेला. किती वेळ चालेल? तासाभरात बसवू. तासाभरात अख्खं नाटक? अख्खं कोण करतंय, तात्या म्हणाले, अख्खं पुण्यातसुद्धा करत नाहीत.

कडेला बसलेल्या एका बैलांच्या व्यापाऱ्याने विचारलं, "त्यात भीम हाय का?"

"भीम नाही. त्याचा पोरगा आहे."

"मग त्याला काम वाढवा. आन् गडी दांडगा घ्या, पोरगी उचलता आली पायजे."

बैठकीचा सूर तिथे बदलला. घटोत्कच कुणी व्हायचं यावर चार नावं आली, चौघंही तालमीतली. तात्यांनी कुणाकडून तरी पेन्सिल मागून घेतली आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकाच्या पाठीमागे पदांची यादी लिहायला घेतली. नारदाची पदं त्यांनी जागच्या जागी निम्मी केली. अर्जुनाला दोन ठेवली, तीही बिनतानांची अशी सूचना कडेला लिहून. घटोत्कचाच्या नावापुढे मात्र एक पद जास्तीचं घातलं, आणि ते लिहायचं काम माझ्या गळ्यात टाकून म्हणाले, "शब्द तू आण, चाल माझ्याकडं हाय."